विचारतील तेवढंच

सोलापुरातला मार्शल लॉ उठला त्याच्या पुढच्या वर्षीची, म्हणजे १९३१ सालची ही हकिगत आहे. तेव्हा मला बारावं लागलं होतं. घरात सगळे मला शिवे म्हणत.

साखर पेठेत आमचं दोन खणांचं घर होतं. माझे वडील हिंदुराव गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. धाकटे चुलते जोतीराम त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. घरात आजी बजाबाई, माझी आई सारजाबाई आणि जोतीरामकाकांची बायको सोजर. सोजरकाकी वळसंगची; आजीला, म्हणजे सासूला, ती मामी म्हणायची. वय असेल वीस-एकवीस. आजूबाजूला सगळी तेलुगू विणकरांची घरं. दिवसभर मागांची खटखट चालायची. त्यांच्या पोरींत खेळून मला तेलुगू येत होतं, पण किती? पाणी, भात, सूत आणि भांडणातल्या शिव्या.

आमच्यात सून थोरल्या दिराशी बोलत नसे. आबा घरात असले की काकीचा पदर हनुवटीपर्यंत यायचा आणि आवाज बंद व्हायचा. पण काही सांगायची वेळ तर येतेच. मग ती माझ्या शेजारी येऊन बसायची आणि लुगड्याच्या सोग्याआडून माझ्या पायावर पाय दाबायची. त्याचा अर्थ, बोल. मी बोलायची, "आबा, काकी इच्यारतीया, पिठलं वाढू का?" आबा माझ्याकडे बघून म्हणायचे, "वाढ म्हनावं." काकी दोन हातांवर बसलेली असायची, पण निरोप माझ्यातून जायचा. या खेळाची मला मोठी ऐट वाटे. घरात माझ्यावाचून काकीचं पान हलत नाही, असं मी गल्लीतल्या पोरींना सांगत असे.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी खातूनबी बांगड्या घेऊन आली. ती दरसाल यायची. ओट्यावर टोपली उघडून तिनं आधी आईला, मग मला भरल्या. काकीची पाळी आली. काकीचा हात मोठा नाजूक होता. खातूनबीनं बांगड्या मनगटावरून वर सारल्या, बाही जरा मागं केली आणि तिचा हात थांबला. कोपराच्या आतल्या अंगाला रुपयाएवढा पांढरा डाग होता.

"कधीपासून हाय गं माय?"

"उन्हाळ्यापास्नं," काकी म्हणाली. "खाजत न्हाय, दुकत न्हाय."

"काय बी नै. कोड हाय. हमारे मामू कू भी है, सारा मुँह पांढरा. नब्बे बरस का हुआ, अब्बी बी चार भाकरी खातां." खातूनबीनं बाही खाली ओढली. पण आईनं पाहिलं होतं. तिनं माझा हात धरून मला काकीजवळून उठवलं.

दुसऱ्या दिवशी काकीची थाळी वेगळी झाली. तिसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या वेगळा झाला. कुणी भांडलं नाही, कुणी रागावलं नाही. आजी बावचीच्या बिया वाटून डागावर लावायची, त्यानं फोड यायचे, फोड गेले की डाग आणखी पांढरा दिसायचा. पोळ्याच्या सुमाराला जोतीरामकाका ओट्यावर झोपायला लागले. काकी एकदा मला म्हणाली, "शिवे, आता तू बी लांब बसतीस व्हय गं?" मी म्हटलं, "न्हाय की." आणि तेवढंच जवळ सरकले, जेवढं आईला दिसणार नाही.

त्याच श्रावणात माझं जमत आलं होतं. चौदाच्या आत लग्न करायचं नाही असा नवा कायदा झालेला होता, पण कायदा आमच्या गल्लीत यायला वेळ होता. होटगीची माणसं होती. दोन बैल, विहीर. त्यांनी मला चांदीचे पैंजण दाखवले होते आणि मी मनानं ते केव्हाच घातले होते. भादव्यात त्यांचा निरोप आला. तुमच्या घरात कुणाच्या अंगावर काही आहे असं ऐकतो. दसऱ्याला येऊ, पण डॉक्टरचा कागद दाखवा.

आबा दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, "मोगलाईत एक मिशनचा दवाखाना हाय. गोरी दाक्तरीन कातडीचं बघती. तितं न्यायचं. बोलायला पोरीला संग घेतो. तिला तेलंगी येतंय."

"मी बी येती," आजी म्हणाली.

"तू कशाला? दोन दिसाचं काम."

मोगलाई म्हणजे निझामाचा मुलूख. त्याची हद्द तासा-दोन तासांच्या आगगाडीवर, पण आम्हाला ती विलायतच. तिथलं राज्य दुसरं, नाणं दुसरं, बोली दुसरी. सकाळच्या गाडीत बसताना आबांनी मला खिडकीशी घेतलं.

"शिवे, ध्यान दिऊन ऐक. तितं दाक्तरीन इच्यारल तेवढंच सांगायचं. मधी आपलं काय घालायचं न्हाय. समजलं?"

"व्हय आबा."

वाडीला गाडी बदलायची होती. तिथं करोडगिरीच्या शिपायानं, म्हणजे जकातीवाल्यानं, आमचं गाठोडं उघडायला लावलं. गाठोडं आईनं बांधलं होतं. काकीला वाटत होतं की आत भाकरी, शेंगांची चटणी आणि एखादं लुगडं असेल. शिपायानं एकेक वस्तू फलाटावर काढली. तिन्ही लुगडी. चोळ्या. फणी, करंडा. तिचा तो वेगळा तांब्या. तिची वेगळी थाळी. गोधडी.

"दो दिन के वास्ते इत्ता सामान?" शिपाई हसला.

आबा म्हणाले, "औरत जात हय साब." आणि दुसरीकडे बघायला लागले.

काकी त्या पसाऱ्याकडे पाहत उभी राहिली. मग खाली बसून तिनं सगळं पुन्हा नीट घडी करून बांधलं. गोधडी घालताना मात्र तिचे हात चालेनात. गाठ मी मारली.

दवाखाना स्टेशनापासून कोसभर होता. लांबलचक कौलारू इमारती, झाडं, झाडलेल्या वाटा. एका झाडाखाली काही बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं आमच्याकडे पाहून हात वर केला. हाताला बोटं नव्हती. आबांनी धोतराचा सोगा नाकाला लावला.

दाक्तरीण उंच होती, केस पांढरे, चेहरा उन्हानं लाल. तिकडे गोऱ्या बाईला दोरसानी म्हणत. ती कुठल्या देशाची ते आम्हाला कळलं नाही. इंग्रज नव्हे, एवढं कांतम्मा नावाची नर्स म्हणाली. दोरसानी तेलुगू बोलायची, पण पुस्तकातलं. कांतम्मा ते साधं करून, हातवारे करत मला सांगायची, मी ते मराठीत आबांना सांगायची, आणि आबांचं उत्तर त्याच वाटेनं उलटं जायचं. काकी मधे बाकावर बसली होती, हनुवटीपर्यंत पदर घेऊन. तिला कुणी काही विचारत नव्हतं. वय किती, मूल किती, डाग कधीचा, सगळ्याची उत्तरं आबा देत होते. डाग केव्हापासूनचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पाच वर्षं सांगितलं.

माझ्या पायावर काकीनं पाय दाबला.

मी आबांकडे पाहिलं. विचारतील तेवढंच. मी गप्प बसले.

मग दोरसानीनं काकीची बाही वर केली. थोरल्या दिरासमोर उघडा दंड. काकी इतकी आकसली की बाक हलला. दोरसानीनं कोंबडीचं एक बारीक पीस घेतलं. महारोगाच्या डागाला स्पर्श कळत नाही, एवढं कांतम्मानं मला खुणेनं समजावलं. कांतम्मा मला म्हणाली, आणि मी काकीला सांगितलं, "डोळं मिटून घे. अंगाला लागलं की कुटं लागलं ते बोटानं दाव."

पीस डागावर टेकलं. काकीचं बोट हललं नाही. थोरल्या दिरासमोर हात पुढे करून अंगावर बोट ठेवून दाखवायचं, हे तिला मरण आलं असतं तरी जमलं नसतं. पण लुगड्याच्या सोग्याआड तिनं माझ्या पायावर पाय दाबला.

"एक्कड?" दोरसानीनं विचारलं. कुठं?

काकी गप्प. पीस पुन्हा टेकलं. पाय पुन्हा दाबला. डागाच्या मधोमध, डागाच्या कडेला, चांगल्या कातडीवर. मग पिसाऐवजी टाचणी. जिथं जिथं टेकलं तिथं तिथं पाय. मी मोजत होते. अकरा वेळा. तिला सगळं कळत होतं. ती सांगत होती. जशी रोज सांगायची तशीच, ज्या एका वाटेनं तिला सांगता येत होतं त्या वाटेनं, आणि त्या वाटेच्या तोंडाशी मी बसले होते.

दोरसानी आबांकडे वळली आणि काहीतरी म्हणाली. कांतम्मानं दाराकडे हात केला. मी म्हटलं, "आबा, तुमी जरा भाईर जावा म्हनत्यात."

"घरची बाई परक्या मुलखात एकटी सोडून? न्हाय जमायचं. सांग."

दोरसानीनं पेन्सील टेबलावर ठेवली. ती रागावली नव्हती, दमलेली दिसली. अशी माणसं तिनं पुष्कळ पाहिली असावीत. तिनं काकीच्या कानाच्या पाळीतून थेंबभर रक्त काचेवर घेतलं आणि सावकाश, शब्द शोधत बोलली. कांतम्मानं ते सोपं केलं आणि मी सांगितलं, "आज काय बी सांगता येत न्हाय. बाई बोलत न्हाय. आट दिस हितं ऱ्हाऊ दे. बायकांत ऱ्हाईल, बोलंल, मंग पुन्ना बघू. रोग असंल असं न्हाय."

आबांनी त्यातलं एकच ऐकलं.

"रोग नसता तर ठिवून घ्या म्हनली असती व्हय?"

हे त्यांनी मला विचारलं होतं. खरंच मला विचारलं होतं, आणि उत्तर माझ्या पायावर होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे आबांचं दोन दिवसांचं उपाशी तोंड होतं, आणि खरं लिहायचं म्हणून लिहिते, पैंजणही होते. मी म्हटलं, "ठावं न्हाय."

निघताना काकी दारापर्यंत आली. आबा पुढे झाले होते. तिनं पदर थोडा सारला आणि नुसतं पाहिलं. मग माझ्या पायावर पाय ठेवला, या वेळी दाबला नाही, नुसता ठेवला. मी तो ओढून घेतला आणि आबांच्या मागं पळाले.

घरी आल्यावर आबांनी एक शब्द सांगितला, महारोग. आईनं काकीची झोपायची जागा शेणानं सारवली. जोतीरामकाकांनी विचारलं, "कागुद दिला का?" आबा म्हणाले, "ठिवून घेतली, ह्योच कागुद." काका उठून कामावर गेले. वळसंगहून काकीचे वडील महिपती आले. ते उंबरा ओलांडून आत आले नाहीत. ओट्याखाली उभं राहून म्हणाले, "माज्या आजून दोन पोरी लग्नाच्या हायत, हिंदुराव. गावात हे बोलू नगा." पाणीसुद्धा न घेता गेले.

आठ दिवस झाले. कुणी निघालं नाही. तेराव्या दिवशी टपालवाल्यानं एक कार्ड दिलं. आबांनी ते गिरणीत कुणाकडून तरी वाचून घेतलं असणार, कारण संध्याकाळी ते त्यांच्या टोपीत होतं. कार्डात काय आहे हे कुणी विचारलं नाही. जोतीरामकाकांसाठी दुसरी मुलगी पाहायला सुरुवात झाली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होटगीची माणसं आली. मला लुगडं नेसवून पाटावर बसवलं. मुलाची चुलती मोठी बोलकी होती. तिनं माझे दात पाहिले, चालायला लावलं, आणि हसत हसत माझी बाही कोपराच्या वर सारून दंड दोन्ही बाजूंनी पाहिला.

"बघून घ्यावं बाई," ती म्हणाली. "आंबा घेताना देठ बघावा. तुमच्या घरातली ती पांढरी गेली म्हनं?"

"गेली," आई म्हणाली. "आता काय न्हाय घरात."

तिचा हात अजून माझ्या दंडावर होता. आबा समोर बसले होते. काकीचा दंड असाच उघडा झाला होता, आणि मीही तशीच गप्प होते. आताही मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. तरी माझ्या तोंडातून आलं.

"काकीला महारोग न्हाय."

"शिवे," आई म्हणाली.

"तिला समदं कळतंया. पीस लावलं ते कळलं, टाचनी लावली ती कळली. आबा समोर व्हतं म्हनून तिनं हात हलवला न्हाय. माजा पाय दाबत व्हती. अकरा येळा दाबला. मी सांगितलं न्हाय. दाक्तरीनीनं रोग हाय असं म्हटलंच न्हाय."

आबांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठून बाहेर गेले. होटगीची चुलती आपल्या माणसांकडे वळून म्हणाली, "लई बोलती की वो पोरगी." आणि त्यांनी चपला घातल्या.

आजी चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. ती आबांच्या खुंटीवरच्या टोपीजवळ गेली, कार्ड काढलं, आणि समोरच्या सिद्धाप्पा विणकराची मुलगी शाळेत जायची, तिच्याकडून वाचून घेतलं. तेलुगूत चार ओळी होत्या. रक्त स्वच्छ आहे. नुसतं कोड आहे, कुणाला लागत नाही. येऊन घेऊन जा.

आजीनं आबांना विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मला घेऊन ती गाडीत बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती मुलाला न सांगता कुठं निघाली होती.

काकी विहिरीवर होती, कळशी भरत. पदर खांद्यावर, डोकं उघडं. आम्हाला पाहून तिनं पदर वर घेतला नाही. आजीनं तिच्या पायांशी बसकण मारली.

"सोजर, चल घरला. कार्ड वाचलं आमी. तुला काय न्हाय."

"मला ठावं हाय, मामी. मला कवाच ठावं व्हतं."

"मंग चल की. जोतीरामचं आजून काय ठरलं न्हाय. मी हाय न्हवं?"

काकीनं कळशी काठावर ठेवली. "आन कार्डात रोग हाय असं लिवलं असतं तर?"

आजीनं तिच्या लुगड्याचा सोगा धरला.

"हितं बावीस बाया हायत. कुणाला बोटं न्हायती, कुणाला नाक. समद्यांच्या घरची मानसं म्हनली व्हती, आट दिसांनी येतो. एकीचा नवरा सहा वरसं झाली, आजून येतोच हाय." ती हसली, आणि ते हसणं मला ऐकवेना. "कोड हाय म्हनून मला न्ह्यायला आलासा. महारोग असता तर तुमी आला नसता. मंग मी कशाच्या भरवशावर येऊ? उद्या दुसरा डाग उठंल."

"तुजं कुंकू हाय तितं," आजी म्हणाली.

"कुंकू कपाळाला हाय मामी. ते मी संग आनलंय."

मग ती माझ्याकडे वळली. मी आजीच्या मागं उभी होते.

"शिवे, तुला कळत व्हतं न्हवं?"

"व्हय."

"मला बी कळलं व्हतं तुला कळतंय ते. तुजा पाय थरथरत व्हता." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. बांगड्या खातूनबीच्याच होत्या, दोन फुटल्या होत्या. "घरात कुणाला तरी बोलायला शिकीव. मला हितं कांतम्मानं शिकीवलं."

आम्ही दोघीच परत आलो.

जोतीरामकाकांनी माघात दुसरं लग्न केलं. दुसऱ्या काकीला चार मुलं झाली. ती आबांसमोर बोलायची, कारण आजीनं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ह्या घरात सुनंनं तोंडानं बोलायचं. आजी पाच वर्षांनी गेली. शेवटपर्यंत ती काकीच्या तांब्याची आठवण काढायची. आबांनी या गोष्टीचा पुन्हा कधी उच्चार केला नाही. म्हातारपणी त्यांच्या ओठांजवळ पांढरा डाग उठला. आईनं त्यांची थाळी वेगळी केली नाही. पुरुषाची थाळी कुणी वेगळी करत नाही. महिपतींच्या दोन्ही मुलींची लग्नं झाली. खातूनबी आणखी वीस वर्षं बांगड्या भरत होती. दोरसानी लढाईच्या काळात आपल्या देशाला गेली ती आलीच नाही.

माझं लग्न लवकर जमेना, म्हणून आजीनं आबांशी भांडून मला शाळेत घातलं. पुढे मी नर्स झाले. सोलापूरच्या एका दवाखान्यात मी तीस वर्षं काढली. सासरा, दीर, नवरा, कुणीही बाईला घेऊन आला की मी आधी त्याला बाहेर बसवायची. पुष्कळांनी माझ्या तक्रारी केल्या. मी तिच्याशेजारी बाकावर बसायची आणि तिला तिचं नाव विचारायची. काही बायकांना स्वतःचं नाव सांगायला फार वेळ लागे.

सोजरकाकीनं त्याच दवाखान्यात महारोग्यांच्या जखमा बांधल्या, पोरांना जेवू घातलं, मेलेल्यांना न्हाऊ घातलं. एकतीस वर्षं. ज्या रोगाच्या भीतीनं आम्ही तिला टाकलं तो तिला कधीच झाला नाही. कोड मात्र अंगभर पसरलं. अखेरच्या वर्षी मी गेले तेव्हा ती सगळी पांढरी झाली होती, आणि दोरसानीसारखी दिसते म्हणून तिथली पोरं तिला चिडवत होती. ती त्यांना तेलुगूत शिव्या देत होती. त्यातल्या निम्म्या मीच माझ्या लहानपणी तिला शिकवल्या होत्या. १९६२ साली ती गेली. तिथंच पुरली आहे.

मी आता एकटी असते. बाजारात, बसमध्ये चुकून कुणा बाईचा पाय माझ्या पायावर पडतो. ती घाईघाईनं काढून घेते, माफी मागते. मी तिच्या तोंडाकडे बघते आणि विचारते, "काही सांगायचंय का बाई?"